डोळ्यात टाकायचे ड्रॉप्स: तपासणीचे कुठले, उपचाराचे कुठले आणि टाकायचे कसे

मी डोळ्यांच्या ओपीडीत ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासणारी आहे, दिवसभर लोकांच्या डोळ्यात थेंब टाकणं हाच धंदा, आणि तरी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा दुसऱ्या दिवशी बघते तर काय, तिने तिन्ही बाटल्यांतले थेंब मिनिटभरात एकाच डोळ्यात ओतलेले आणि गालावर आलेलं सगळं रुमालाने पुसतेय. म्हटलं अगं आई हे काय, तर म्हणे "तीन टाकायचे सांगितलेत ना, टाकले तीन." तिची चूक नाही हो, चिठ्ठीवर बाटल्यांची नावं आणि दिवसातून किती वेळा एवढंच असतं, कुठला थेंब कशासाठी, मध्ये किती वेळ थांबायचं हे समजावून सांगायला गर्दीत कुणाला वेळ नसतो. म्हणून हे सगळं एकदा लिहून काढतेय. पहिल्यांदाच डोळे तपासायला जाणार असाल किंवा घरी कुणाच्या तरी डोळ्यात औषध टाकायची ड्यूटी तुमच्याकडे आली असेल तर उपयोगी पडेल.

आधी डोळ्यात जागा किती ते बघा

बाकी सगळं यावरच आहे. खालची पापणी आणि डोळा यांच्यामध्ये जो छोटा खिसा असतो त्यात फार तर ३० मायक्रोलिटर पाणी राहतं, त्यातले ७ च्या आसपास आधीच आपल्या अश्रूंचे. बाटलीतून पडणारा एक थेंब असतो ३० ते ५० मायक्रोलिटरचा. म्हणजे एकाच थेंबात खिसा भरून वाहतो, दुसरा टाकला की तो गालावर तरी जातो नाहीतर नाकाकडच्या कोपऱ्यात पापण्यांना जी बारीक भोकं असतात त्यातून नळीवाटे नाकात उतरतो. ड्रॉप टाकल्यावर घशात कडू लागतं ना, ते हेच. आणि नाकाच्या आतल्या कातडीतून औषध थेट रक्तात जातं, गोळी घेतल्यावर जसं आधी लिव्हरमधून जातं तसं इथे होत नाही, त्यामुळे थेंब एवढासा असला तरी हृदयावर, श्वासावर परिणाम करू शकतो. प्रत्यक्ष डोळ्याच्या आत किती शिरतं म्हणाल तर शंभरातले पाचसुद्धा भाग नाहीत, बाकी सगळं वाहून जातं.

तर एका वेळी एकच थेंब. दोन टाकले म्हणून दुप्पट गुण येत नाही, फक्त बाटली लवकर संपते.

टाकायचं कसं

१. हात साबणाने धुवा. बाटलीवरचं नाव वाचा, दर वेळी, झाकणाचा रंग बघून उचलू नका. कानात टाकायचे ड्रॉप आणि चिकटवायच्या गोंदाची छोटी बाटली हातात दिसायला अगदी आयड्रॉपसारखीच असते आणि लोकांनी डोळ्यात खरंच गोंद टाकलेला आहे, हसू नका, हे डॉक्टरांच्या जर्नल्समध्ये छापून आलेलं आहे.

२. औषध दुधट दिसत असेल तर चांगलं हलवून घ्या. प्रेडनिसोलोन अॅसिटेट या स्टेरॉइडच्या ड्रॉपमध्ये औषधाची बारीक पूड पाण्यात तरंगत असते, न हलवता टाकलं तर सुरुवातीला नुसतं पाणी जातं आणि शेवटी तळाशी सगळं घट्ट औषध उरतं.

३. मान मागे टाका किंवा सरळ आडवे व्हा, खालची पापणी बोटाने ओढून खिसा करा, नजर वर छताकडे. थेंब त्या खिशात पडला पाहिजे, बुबुळावर नेम धरून टाकायचा नाही, तिथे पडला की माणूस दचकतो आणि डोळा गच्च मिटून घेतो. बाटलीचं टोक पापणीला, केसांना, बोटाला कशालाच लागता कामा नये.

४. आता डोळा अलगद मिटा, करकचून नाही. नाकाकडचा कोपरा एका बोटाने दाबून दोन-तीन मिनिटं बसा. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात आणि खरं तर सगळ्यात कामाची हीच आहे, कारण याने नाकाकडचा रस्ता बंद होतो, औषध डोळ्यात टिकतं आणि रक्तात कमी जातं.

५. दुसरा ड्रॉप असेल तर मध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर नंतरचा आधीच्याला धुऊन काढतो. क्रम असा की पातळ थेंब आधी, जेल नंतर, मलम सगळ्यात शेवटी, कारण मलमाचा थर बसला की त्यावरून पाणी घसरून जातं.

लहान मूल डोळे उघडतच नसेल तर भांडत बसू नका. त्याला आडवं करा, डोळे मिटलेले असतानाच नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब ठेवा, दोन मिनिटांनी ते आपोआप डोळे उघडतं आणि थेंब आत जातो. ज्यांचे हात थरथरतात त्यांनाही हीच युक्ती सांगते मी.

सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा आणि ड्रॉपनंतर कमीत कमी १५ मिनिटांनी लावा. बऱ्याच बाटल्यांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे औषध टिकवणारं द्रव्य असतं, लेन्स ते शोषून घेते आणि मग दिवसभर डोळ्याला थोडं थोडं देत राहते.

तपासणीला गेल्यावर काय काय टाकतात

ड्रॉपच्या आधी प्रश्न विचारले जातात, त्यांना कंटाळू नका. दमा आहे का, बीपी आहे का, कशाची अॅलर्जी, गरोदर आहात का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. मग तक्त्यावरची अक्षरं वाचून घेतात आणि टॉर्च मारून बाहुल्या बघतात, हे सगळं ड्रॉपच्या आधीच व्हायला लागतं. शिकाऊ असताना मी एकदा टॉर्च न मारता थेट बाहुली मोठी करायचा ड्रॉप टाकून मोकळी झाले होते, आणि त्या पेशंटची तक्रार नेमकी अशी होती की एक बाहुली लहान दिसते. सर ओरडले नाहीत, घड्याळाकडे बघून फक्त म्हणाले "आता बस सहा तास."

बधिर करायचा थेंब. बहुतेक ठिकाणी प्रोपॅराकेन. दोन सेकंद झोंबतं, अर्ध्या मिनिटात डोळा बधिर आणि साधारण १५ मिनिटांत परत ठीक. डोळ्याचा दाब मोजायला, कचरा काढायला हा लागतो. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनच्या द्रावणाने डोळा बधिर होतो हे दाखवलं, त्याआधी डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे बहुतेकदा जागा माणूस घट्ट धरून ठेवायचा. विचार करा.

हा थेंब घरी कधीच मिळत नाही आणि मागूही नये. वेल्डिंगचा लख्ख उजेड बघून डोळे सुजलेला एक जण रात्री आलेला, थेंब पडल्या पडल्या त्याचा चेहराच बदलला, जाताना म्हणतो "ताई, तो मगाचचाच लिहून द्या ना." नाही देता येत दादा. हा थेंब वारंवार टाकला की बुबुळावरची साल भरून येणं थांबतं, वर दुखणंच कळत नसल्यामुळे माणूस डोळा चोळत बसतो, आणि शेवटी कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची काच, विरघळायला लागते. त्याला मलम आणि दुखण्याची गोळी देऊन पाठवलं, अशी इजा बहुतेकदा एक-दोन दिवसांत भरून येते.

हिरवा रंग. फ्लोरोसीन हे माझं आवडतं. १८७१ मध्ये अडॉल्फ फॉन बायर यांनी बनवलेला हा रंग, आता कागदाच्या पट्टीला लावलेला मिळतो. पट्टीचं केशरी टोक थेंबभर सलाइनने ओलं करायचं, खालच्या पापणीच्या आत टेकवायचं, पेशंटला पापण्या मिटायला सांगायचं आणि मशीनचा निळा लाइट लावायचा. कॉर्नियाची साल धड असेल तर रंग धरत नाही, जिथे सोललंय तिथे हिरवा चमकतो. एका बाईच्या डोळ्यात सकाळपासून खुपत होतं, आरशात बघून काही दिसत नव्हतं. रंग टाकला तर बुबुळाच्या वरच्या अर्ध्यात उभे हिरवे चरे, चार-पाच, कुणी सुईने ओढल्यासारखे सरळ. असे उभे चरे दिसले की कचरा बुबुळावर शोधायचाच नाही, तो वरच्या पापणीच्या आत चिकटलेला असतो आणि दर मिटण्याला ओरखडा काढतो. पापणी उलटवली, कुसळाएवढं काहीतरी होतं, कापसाच्या ओल्या काडीने टिपलं, झालं. तिने दोनदा डोळे मिचकावून बघितले आणि म्हणाली "गेलं?"

याच रंगाने हर्पिस नावाच्या व्हायरसची जखम झाडाच्या फांदीसारखी उमटते, कॉर्नियाला भोक पडलं असेल तर आतलं पाणी रंगातून ओघळताना दिसतं, आणि डोळ्याचा दाब मोजताना आम्हाला जी दोन हिरवी अर्धवर्तुळं जुळवायची असतात तीही यानेच दिसतात. दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पाऱ्यामध्ये नॉर्मल धरतात. पूर्वी हा रंग बाटलीतून यायचा, पण त्या पाण्यात सुडोमोनास नावाचे जंतू मजेत वाढायचे, म्हणून पट्ट्या आल्या. सॉफ्ट लेन्स घालून गेलात आणि काढली नाहीत तर ती कायमची पिवळी होते, हे आधीच सांगून ठेवते.

बाहुली मोठी करायचे थेंब. यांनाच लोक घाबरतात. मागचा पडदा, म्हणजे रेटिना, नीट बघायचा तर बाहुलीचं दार उघडायला लागतं. रोजच्या तपासणीत ट्रोपिकॅमाइड वापरतात, २०-३० मिनिटांत बाहुली मोठी होते आणि चार-सहा तास तशीच राहते, गडद रंगाच्या डोळ्यांना जरा जास्त वेळ लागतो म्हणून दोन-तीनदा टाकतात. जोडीला बऱ्याचदा फिनाइलेफ्रिन असतं. पहिलं बाहुली आवळणारा स्नायू सैल करतं, दुसरं ती ओढून उघडणारा स्नायू ताणतं, दोघं मिळून काम छान होतं, पण फिनाइलेफ्रिनने बीपी वाढू शकतं म्हणून तो बीपीचा प्रश्न.

मुलांचा चष्म्याचा नंबर काढताना वेगळी अडचण असते. मुलं आतला फोकसचा स्नायू इतका ताणतात की खरा नंबर लपतो, म्हणून तो स्नायूच तात्पुरता झोपवायला लागतो, त्यासाठी सायक्लोपेंटोलेट, ज्याचा असर साधारण दिवसभर, किंवा अॅट्रोपिन, ज्याचा असर आठवडा ते दोन आठवडे. अॅट्रोपिनचं मलम घरी घालायला दिलं असेल तर दाण्याएवढंच, आणि मुलाचं तोंड लाल झालं, अंग तापलं, तोंड कोरडं पडलं, मूल बडबडायला लागलं तर पुढचा डोस थांबवून लगेच फोन करा. घाम येणंच बंद होतं त्या औषधाने म्हणून अंग तापतं.

अॅट्रोपिन मुळात बेलाडोना या झाडातलं, इटालियन भाषेत त्याचा अर्थ सुंदर स्त्री, डोळे टपोरे दिसावेत म्हणून बायका त्याचा रस टाकायच्या म्हणे. आपल्या धोतऱ्यातही तसलीच द्रव्यं असतात. धोतरा हाताळून डोळा चोळला की एक बाहुली टम्म मोठी होते आणि माणूस मेंदूला काही झालं म्हणून घाबरून येतो, तेव्हा १ टक्का पायलोकार्पिन टाकून बघतात, साधारणपणे याने बाहुली आवळायला हवी, नाही आवळली तर हा औषधाचा किंवा झाडाचा प्रताप. म्हणजे थेंबानेच निदान.

या दिवशी स्वतः गाडी चालवत जाऊ नका, जवळचं वाचता येत नाही आणि उजेड सहन होत नाही, गॉगल न्या. ज्यांच्या डोळ्यातला पाणी बाहेर जायचा कोन अरुंद असतो त्यांना बाहुली मोठी झाल्यावर क्वचित दाब एकदम चढतो. डोळा ठणकायला लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलटी झाली तर रात्र काढू नका, तसेच परत जा.

पडद्याच्या रक्तवाहिन्या बघायच्या असतील तर तोच फ्लोरोसीन हाताच्या शिरेत इंजेक्शनने देऊन भराभर फोटो काढतात. त्वचा पिवळसर दिसते, दिवसभर लघवी गडद पिवळी होते, त्याने दचकू नका. मळमळ होते काहींना. मोठी अॅलर्जी फार क्वचित, पण होते, म्हणून अॅलर्जीबद्दल खरं सांगायचं.

उपचाराचे थेंब

काचबिंदूपासून सुरू करते कारण तिथे सगळ्यात जास्त गफलत. काचबिंदूच्या थेंबाने नजर सुधारत नाही, दाब कमी राहतो आणि उरलेली नजर टिकते, एवढंच. काही जाणवत नाही म्हणून लोक दोन महिन्यांत बंद करतात. लॅटानोप्रोस्ट दिवसातून एकदाच, बहुतेकदा रात्री, आणि दोनदा टाकलं तर उलट असर कमी होतो. पापणीचे केस लांब होतात, बुबुळ गडद होऊ शकतं. टिमोलॉल १९७८ पासून वापरात आहे, चांगलं औषध, पण दमा असलेल्याला नको, एवढ्याशा थेंबाने छाती आवळू शकते, नाडी मंदावू शकते. वर नाकातून रक्तात जायचं सांगितलं ना, ते इथे भोवतं. ब्रिमोनिडिन दोन वर्षांखालच्या बाळांना देत नाहीत, श्वास थांबू शकतो. दाब अचानक चढला तर अॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या देतात, बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला सारखं जावं लागतं, ते अपेक्षितच आहे. सल्फाची अॅलर्जी असेल तर गोळी घेण्याआधी बोला.

डोळे आले की सगळे अँटिबायोटिक ड्रॉप आणायला धावतात. साथीत येणारे डोळे बहुतेकदा व्हायरसचे असतात, त्यावर मॉक्सिफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक काही करत नाही, थंड पट्ट्या, आर्टिफिशियल टिअर्स आणि आठ-पंधरा दिवस धीर. घट्ट पिवळी चिपडं येत असतील तर गोष्ट वेगळी. झाडाची काडी, पान, पीक डोळ्याला लागून मग पांढरा ठिपका दिसला तर बुरशीचा संशय घेतात, त्याला नॅटामायसिन असतं, तेही हलवून टाकायचं आणि आठवडेच्या आठवडे. हर्पिसला असायक्लोव्हिर मलम दिवसातून पाचदा.

आता स्टेरॉइड, म्हणजे सूज उतरवणारी औषधं. यावर मी जरा जास्त बोलणार. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन ही औषधं वाईट नाहीत, ऑपरेशननंतर आणि डोळ्याच्या आतल्या सुजेत तीच डोळा वाचवतात. भानगड अशी की लाल डोळा याने एका दिवसात पांढरा शुभ्र होतो, खाज जाते, आणि लोकांना ते इतकं आवडतं की जुनी चिठ्ठी दाखवून तीच बाटली परत परत आणतात. आतमध्ये काय चाललंय ते दिसत नाही. साधारण तीनातल्या एका माणसाचा दाब स्टेरॉइडने काही आठवड्यांत थोडाफार चढतो, काहींचा भयंकर, आणि दुखत काहीच नाही. मोतीबिंदू लवकर येतो. लाल डोळा हर्पिसचा किंवा बुरशीचा असेल तर रोगाला मोकळं रान. अॅलर्जीने वर्षानुवर्षं डोळे चोळणारी मुलं यात सगळ्यात जास्त सापडतात, आठ वर्षांच्या मुलाची काचबिंदूने गेलेली नजर मी मोजलेली आहे, आणि त्याच्या आईच्या पर्समध्ये तीच बाटली होती, "यानेच बरं वाटतं त्याला." मुलाच्या अॅलर्जीला रोजच्यासाठी ओलोपॅटाडिनसारखे ड्रॉप आहेत, स्टेरॉइड द्यायचंच तर मोजक्या दिवसांसाठी आणि दाब तपासत. आणि ऑपरेशननंतर दिलेलं स्टेरॉइड मनाने एकदम बंदही करू नका, ते कमी कमी करत आणतात. बाटलीवर नावात "डेक्सा", "प्रेड", "बीटा", "लोटे" असं काही दिसलं की विचारा. अँटिबायोटिकबरोबर मिसळूनही येतं ते, म्हणून नाव पूर्ण वाचायचं.

लाली घालवणारे नुसते ड्रॉपही रोजचे नकोत, रक्तवाहिन्या आवळतात, असर उतरला की डोळा आधीपेक्षा लाल, मग पुन्हा टाका, असं चक्र. कोरड्या डोळ्याला कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोजचे आर्टिफिशियल टिअर्स निवांत टाका, दिवसातून चारापेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या.

थेंब मागच्या पडद्यापर्यंत फारसा पोचत नाही. म्हणून डायबेटिसने किंवा वयाने पडद्याला सूज आली तर बेव्हासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट अशी औषधं थेट डोळ्याच्या आत इंजेक्शनने देतात. ऐकून पोटात गोळा येतो, पण डोळा बधिर करून, पोव्हिडोन आयोडीनने साफ करून पांढऱ्या भागातून सुई जाते आणि औषध असतं ०.०५ मिली. कामाला काही सेकंद. बहुतेकांना एकावर भागत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी परत. नंतरच्या दिवसांत दुखणं वाढलं किंवा नजर घसरली तर त्याच दिवशी दाखवायचं.

उलटा रस्ता पण असतो

दुसऱ्या आजाराच्या गोळ्या डोळ्यावर येतात. टीबीचं एथॅम्ब्युटॉल चालू असताना लाल-हिरवा रंग फिका वाटायला लागला तर वाट बघत बसू नका, लगेच टीबीच्या डॉक्टरांना कळवा. संधिवाताला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी पडदा ठरावीक काळाने तपासायला हवा. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असाल किंवा कधी काळी घेतलं असेल तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी सर्जनला नक्की सांगा, त्याने बुबुळ ढिलं पडतं आणि ऑपरेशनमध्ये फडफडतं, आधी माहीत असेल तर ते तयारीत असतात. गोळ्यांच्या पट्ट्याच पिशवीत घालून आणा, नाव आठवायची गरज नाही.

बाटली सांभाळणं

एक्सपायरी डेट ही सीलबंद बाटलीची असते. उघडली की बहुतेक बाटल्या महिनाभर, मग उरलं असलं तरी फेका, काहींची मुदत वेगळी असते ती लेबलवर वाचा. लॅटानोप्रोस्टसारखी काही न उघडलेली फ्रिजमध्ये ठेवायची असतात. घरातल्या दुसऱ्याच्या डोळ्यात आपली बाटली वापरायची नाही. आईच्या बाटल्यांवर आता मार्करने उघडल्याची तारीख आहे आणि पट्टीवर तिच्याच अक्षरात १, २, ३, तीन नंबरवर शेजारी "हलवून". मध्ये पाच मिनिटं ती मोबाइलवर लावते, आणि अलार्म वाजेपर्यंत कोपऱ्यावर बोट ठेवून बसलेली असते, मी दोन मिनिटं पुरतात म्हणाले तरी.